माझ्या पाठीवरची बारीक अक्षरं

मित्रांनो, बाटली म्हटल्याबरोबर तुमच्या घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, म्हणून आधीच सांगून टाकते. मी दारूची बाटली नाही. तिच्या शेजारी तीन वर्षं उभी होते, ती गोळ्यांची बाटली मी. तपकिरी रंगाची, रुंद तोंडाची, प्लास्टिकची. आता जुनी झाले आहे. झाकणाचे आटे झिजले, अंगावरचा कागद एका कोपऱ्यात सुटला, आणि पोटात हिरव्या गोळ्यांच्या जागी लाल पेन्सिलींचे बोटभर उरलेले तीन तुकडे आहेत. ते तिथे कसे आले, हे सांगायला मी तोंड उघडलं आहे. गोष्ट गोड नाही. गोड गोष्ट हवी असेल तर मधाच्या बाटलीला विचारा.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवायचे, त्यांची गरम नळी साच्यात धरायची आणि आत हवा फुंकायची, की झाली बाटली. पट्ट्याच्या शेवटी एक बाई स्टुलावर बसलेल्या असत. त्या प्रत्येकीला उचलून उजेडासमोर धरत आणि भोक नाही ना बघत. त्यांनी मला पुढे सरकवलं तेव्हा मला वाटलं, चला, आपण पास झालो. आता कुणाच्या तरी उपयोगी पडू.

पुढच्या इमारतीत माझ्या पोटात साठ हिरव्या गोळ्या भरल्या. त्यांत कुठल्याशा काटेरी झाडाच्या बियांचा अर्क होता, थोडी पिवळी पूड होती, बाकी नुसती भर. मग अंगाभोवती कागद चिकटवला. समोर ढालीचं चित्र आणि अंगठ्याएवढी अक्षरं: ‘यकृताची ढाल’. आणि मागे, म्हणजे माझ्या पाठीवर, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत तीन ओळी: ‘हे उत्पादन औषध नाही. कोणत्याही आजाराचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध यासाठी ते नाही. मद्यपान करणाऱ्यांनी व यकृताचा त्रास असणाऱ्यांनी घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’

मित्रांनो, बघा माझं नशीब. पोटावर थाप आणि पाठीवर खरं. आणि मला तर मान वळवून मागे बघताही येत नाही.

मला घरोघर नेणारी एक बाई होती. तिचं नाव काय असेल ते असो, ताई तिला ‘पहिल्या बाकावरची’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. ताई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना अक्षरं गिरवायला आणि वाचायला शिकवलं होतं, आणि ही त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. एका दुपारी ती पिशवी खांद्याला लावून ताईंच्या दारात उभी राहिली.

“बाई, ओळखलंत का?”

“न ओळखायला काय झालं? तुझा ‘क्ष’ अजून तसाच येतो का गं, पोट फुगलेला?”

दोघी हसल्या. चहा झाला. मग पहिल्या बाकावरचीने मला टेबलावर ठेवलं, हात मागे बांधले आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलं: रोज एक गोळी, यकृतातली घाण बाहेर, पेशी ताज्यातवान्या, थोडीफार घेणाऱ्यांनाही काळजी नको, ढाल मजबूत. एका दमात. कुठे अडखळणं नाही.

“पाठांतर पहिल्यापासूनच चांगलं हिचं,” ताई कौतुकाने म्हणाल्या.

अर्थ विचारायची पद्धत त्यांच्या वर्गात नसावी. मी तेव्हाच मनाशी म्हटलं, पण बाटलीला कोण विचारतो!

आता त्या घराविषयी सांगते. खाली चष्म्याचं दुकान, वर दोन खोल्या. दुकान ताईंच्या धाकट्या भावाचं. सगळा रस्ता त्यांना चष्मेवाले म्हणायचा, फक्त ताई म्हणायच्या ‘बाळ्या’. बाळ्याचं वय त्रेपन्न. ताई अकरा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा वेण्या घालायच्या वयात त्यांनी या भावाला कडेवर घेतलं, आणि पुढे खाली ठेवायचं विसरून गेल्या. दोघांनीही लग्न केलं नाही. एकाला दुसरं, एवढंच त्यांचं घर.

माणूस फार चांगला होता, हे मी शपथेवर सांगेन. काच घासताना तो गिऱ्हाइकाच्या नाकाविषयी असा विचार करायचा की जणू ते त्याचंच नाक आहे. “तुमची दांडी उजवीकडे अर्धा मिलिमीटर बसते, कारण तुमचा उजवा कान लाजाळू आहे,” असं काहीतरी बोलून माणसाला हसवायचा. पण संध्याकाळी शटर अर्ध्यावर आलं की खालचा खण उघडायचा. तिथे चष्मे पुसायच्या मऊ फडक्यांच्या मागे ती दुसरी बाटली असायची.

मी यायच्या आधी ताईंचा एक दंडक होता. शटर अर्ध्यावर आलं की त्या जिना उतरून शेवटच्या पायरीवर उभ्या राहायच्या, हाताची घडी घालून. भाऊ एक ग्लास भरायचा. दुसऱ्याला हात गेला की त्या नुसतं “बाळ्या” म्हणायच्या. तेवढ्याने बूच लागायचं. कधी लागायचं नाही, मग भांडण व्हायचं, ताई रडायच्या, भाऊ ओशाळायचा. पण त्या पायरीवरून हलायच्या नाहीत.

मग दुकानदारांच्या संघटनेने सगळ्यांची आरोग्य तपासणी केली. चष्मेवाल्यांच्या हातात एक कागद आला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, यकृताला सूज आहे, पण अजून वेळ गेलेली नाही. दारू बंद करा. कमी नको, बंद. जमत नसेल तर माझ्याकडे या, मदत करू.

चष्मेवाले घाबरले. मित्रांनो, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट होती. ते खरोखर घाबरले आणि त्यांनी दारू सोडली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. हात थरथरायचे, चिडचिड व्हायची, झोप लागायची नाही. ताई त्यांच्यासमोर पत्ते मांडायच्या आणि मुद्दाम हरायच्या. सातव्या दिवशी ते पोटभर जेवले. आठव्या दिवशी त्यांनी वरच्या खोलीची खिडकी दुरुस्त केली, जी चार वर्षं नीट लागत नव्हती. नवव्या दिवशी शिट्टी वाजवत दुकान उघडलं. हे सगळं मला नंतर ताईंच्या तोंडून कळलं, कारण मी तेव्हा तिथे नव्हते.

दहाव्या दिवशी मी आले.

ताईंच्या मनात पाप नव्हतं. त्यांना वाटलं, सोडली आहे ते बरंच झालं, पण वरून एखादा आधार असावा. वर्गात हुशार मुलालाही शिकवणी लावतात, तसं. पहिल्या बाकावरची तिचं पाठांतर म्हणत होती तेव्हा चष्मेवाले जिन्यात उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“थोडीफार घेणाऱ्यांनाही काळजी नको, म्हणजे?”

“म्हणजे ढाल आहे ना दादा! आमच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या गटात कितीतरी जण घेतात संध्याकाळची. गोळी चुकवत नाहीत, बस.”

त्यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट फिरवलं आणि खाली ठेवलं. मी आजवर पुष्कळ हातांतून गेले, पण एखाद्या माणसाची भीती अशी हाताला कळेल इतकी उतरताना मी त्या दिवशीच पाहिली. त्या भीतीची त्यांना गरज होती. मी ती काढून घेतली.

संध्याकाळी ताईंनी स्वतः पाण्याचा ग्लास आणून गोळी दिली. मग वर जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने तेरा तारखेच्या घरात बरोबरची खूण केली. हजेरी! पस्तीस वर्षांची सवय, सुटते थोडीच? आणि खाली अर्ध्या तासाने तो खण उघडला.

दुसऱ्या दिवशी ताईंना वास आलाच. त्या तरातरा जिना उतरल्या, पायरीवर उभ्या राहिल्या, घडी घातली. चष्मेवाले ग्लास हातात धरून म्हणाले, “गोळी घेतली ना तुझ्यासमोर?”

ताई काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ढालीकडे. “घेतलीस खरी,” असं म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

त्या दिवसापासून ती पायरी रिकामी झाली.

पुढे माझं बस्तान दुकानातच बसलं, काच घासायच्या यंत्राशेजारच्या फळीवर. गोळ्या संपल्या की पहिल्या बाकावरची पाकिटातून नव्या आणून माझ्यातच ओतायची, त्यामुळे मी टिकले. आणि तिथे मला एक जोडधंदा मिळाला.

जवळचं वाचायचा चष्मा केला की गिऱ्हाइकाला एक छापील तक्ता वाचायला देतात. चष्मेवाल्यांच्या तक्त्यावर एकदा चहा सांडला आणि खालच्या ओळी गेल्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मला उचललं, पाठ फिरवून समोरच्या शिंप्याच्या हातात दिलं. “हे वाचा. हे वाचता आलं तर सुईत दोरा डोळे मिटून ओवाल.”

शिंप्याने वाचलं, “हे उत्पादन औषध नाही. कोणत्याही आजाराचे निदान, उपचार...”

“छान! नंबर बरोबर आहे.”

झालं, नवा तक्ता काही आला नाही. टपाल कचेरीतले कारकून, शाळेतले चित्रकलेचे मास्तर, नातवंडांची पत्रं वाचू इच्छिणाऱ्या आज्या, सगळ्यांनी माझी पाठ वाचली. मोठ्याने, अक्षर न् अक्षर. दिवसाला तीनदा, कधी पाचदा. ‘मद्यपान करणाऱ्यांनी... डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’ आणि चष्मेवाले दर वेळी मान डोलावून म्हणायचे, “छान! नंबर बरोबर आहे.” मग संध्याकाळी त्याच हाताने माझं झाकण उघडायचे. मला आवाज असता तर मी किंचाळले असते. पण मला सगळे वाचत होते तरी ऐकत कुणी नव्हतं. वाचणाऱ्याचं लक्ष अक्षर दिसतं का याकडे आणि ऐकणाऱ्याचं लक्ष अक्षर चुकतं का याकडे.

एकाच माणसाने ती ओळ कधी वाचली नाही. ताईंनी. त्यांना जवळचं दिसत नव्हतं आणि ते कबूल करायचं नव्हतं. “मी पोरांच्या वह्यांतली मुंगीएवढी चूक पकडलेली बाई आहे,” असं म्हणत त्या वर्तमानपत्र हातभर लांब धरायच्या.

“ताई, आणखी दोन वर्षांनी तुझे हात पुरायचे नाहीत. एक चष्मा करू दे,” भाऊ म्हणायचा.

“तू तुझ्या गिऱ्हाइकांना कर. तुझी गोळी मला हाताला कळते.”

आणि खरंच, त्या चाचपून गोळी काढायच्या. एकही दिवस चुकला नाही. कॅलेंडरची पानं लाल खुणांनी भरत गेली. एक पेन्सिल झिजून संपली, दुसरी काढली.

माझं कौतुकही फार झालं, बरं का. एके दिवशी पहिल्या बाकावरची एका छायाचित्रकाराला घेऊन आली. “आमच्या सबंध गटात दादांइतकं नियमित कुणी नाही! एक दिवस खाडा नाही!” तिने चष्मेवाल्यांना माझ्याशेजारी उभं केलं, माझी ढाल पुढे करून फोटो काढला, आणि तो तिच्या पत्रकावर छापला. ताईंनी ते पत्रक वरच्या खोलीत लावलं. भाऊ शाळेत कधी पहिला आला नव्हता. आता आला.

मग हिशेब वाढला. एका संध्याकाळी चष्मेवाल्यांचा जुना मित्र आला आणि ग्लास एकाचे दोन झाले. दुसऱ्या दिवशी ताईंनी तोंड फुगवलं, पण लगेच तोडगाही काढला. “दोन घ्यायचे असतील तर गोळ्याही दोन घे.” शिक्षिकाच त्या, एकास एक प्रमाण पक्कं. मग मित्र नसतानाही दोन. मग तीनास तीन. मी दोन महिन्यांऐवजी वीस दिवसांत रिकामी व्हायला लागले. पहिल्या बाकावरचीला वाटलं, घरात आणखी कुणीतरी सुरू केलं. तिलाही आनंदच झाला.

तिसऱ्या वर्षी एक म्हातारी चष्मा घ्यायला आली. तिने माझी पाठ घडाघडा वाचली, मग मान वर करून चष्मेवाल्यांकडे टक लावून बघितलं आणि चष्मा काढला. पुन्हा घातला.

“काच पिवळी दिलीस का रे बाबा?”

“नाही हो आजी, पांढरी स्वच्छ आहे.”

“मग तुझे डोळे पिवळे दिसतायत.”

चष्मेवाले हसले. त्यांनी तिचा चष्मा घेतला, उजेडात धरला, पुसून परत दिला. “बल्ब जुना झालाय आजी, दुसरं काही नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी बल्ब बदलला. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं होतं, आणि स्वतःचे डोळे बघायची वेळ आली तेव्हा बल्ब बदलला. ताईंना विचारलं, “माझे डोळे कसे दिसतात गं?” ताईंनी डोळे बारीक करून बघितलं. “छान तर दिसतात. थकलायस जरा. आज गोळी घेतलीस ना?”

पुढचं भराभर झालं. बुटाची नाडी बांधता येईना इतके पाय सुजले. पोट पुढे आलं, पट्ट्याला नवीन भोक पाडलं, आणि हात, चेहरा, मान मात्र वाळत गेली. लोक म्हणायचे, “तब्येत सुधारली वाटतं,” आणि पोटाकडे बघायचे. एका सकाळी काच घासता घासता ते यंत्राशेजारी वाकले आणि त्यांना रक्ताची उलटी झाली. माझ्या झाकणावरही चार थेंब उडाले.

ताईंनी त्यांना दवाखान्यात नेलं. निघताना त्यांनी मला पिशवीत टाकलं. संध्याकाळची गोळी चुकायला नको, म्हणून.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलताना घाई करत नव्हत्या. त्यांनी तीन वर्षांपूर्वीचा तो कागद वाचला, नवे कागद वाचले आणि ताईंना बाहेरच्या बाकावर बसवलं.

“तेव्हा फक्त सूज होती. तेव्हाच दारू सोडली असती तर बहुतेक सावरलं असतं. यकृत फार सोशिक असतं हो. शरीरात स्वतःहून भरून येणारं त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त त्याला मोकळं सोडावं लागतं.”

“सोडली होती,” ताई म्हणाल्या. “नऊ दिवस.”

“मग काय झालं?”

ताईंचा हात पिशवीत होता, माझ्यावर. तो तसाच राहिला.

“बरं, अजून काही औषधं चालू होती का?”

“औषध असं नाही. हे आपलं...” त्यांनी मला बाहेर काढलं. “एक दिवस चुकू दिला नाही मी. दोन घेतले की दोन द्यायचे, तीनाला तीन.”

डॉक्टरीणबाईंनी मला घेतलं, पाठ फिरवली आणि वाचलं. मनातल्या मनात. दहा सेकंदही लागले नसतील. “हे वाचलंत का तुम्ही?” त्यांनी विचारलं, रागाने नाही, आणि मला ताईंच्या हातात परत दिलं.

ताईंनी मला हातभर लांब धरलं. आणखी लांब धरलं. मग म्हणाल्या, “चष्मा घरी राहिला.”

“दारू पिणाऱ्याला वाचवणारी गोळी अजून कुणी केलेली नाही, ताई. आणि पाल्याचं, बियांचं म्हणून ते निरुपद्रवी असतं असंही नाही. पोटात गेलेलं सगळं शेवटी यकृतालाच निस्तरावं लागतं. याने त्यांचं नुकसान किती झालं ते मी सांगू शकत नाही. फायदा झाला नाही, एवढं सांगते.”

चष्मेवाले त्यानंतर सोळा दिवस होते. एका दुपारी त्यांना बरीच शुद्ध होती. ताई शेजारी बसल्या होत्या आणि मी पाण्याच्या तांब्याशेजारी होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली, “हे उत्पादन औषध नाही. कोणत्याही आजाराचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध यासाठी ते नाही...” सगळं म्हणाले. शेवटच्या शब्दापर्यंत. एक चूक नाही.

ताईंचं तोंड उघडंच राहिलं. “तुला माहीत होतं?”

“दिवसातून पाचदा ऐकायचो गं. पाठ होणारच.”

“मग घेत कशाला होतास रे, बाळ्या?”

त्यांनी थोडा दम घेतला. “गोळी घेतली की तू काही बोलायची नाहीस.”

मित्रांनो, मी त्या क्षणी फुटले असते तर बरं झालं असतं. पण प्लास्टिक फुटत नाही.

ते गेले. रस्त्यावरची बरीच माणसं आली, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या नाकावर त्यांनीच बसवलेले चष्मे होते. ते काढून सगळे डोळे पुसत होते. मी पिशवीतच होते.

पंधरा दिवसांनी ताई दुकान आवरायला खाली उतरल्या. त्या खणातली फडकी काढली, ती दुसरी बाटली काढली, मोरीत ओतली. खणाच्या तळाशी एक चष्म्याची डबी निघाली. तिच्यावर भावाच्या अक्षरात चिठ्ठी होती, मोठ्या मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता यावी अशी: ‘ताई. हट्ट पुरे. अंदाजाने केलाय.’ किती दिवसांपासून ती तिथे पडली होती कोण जाणे. द्यायचं धाडस झालं नसेल. एकमेकांना न सांगण्यात दोघं बहीणभाऊ सारखेच.

ताईंनी चष्मा घातला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. मला उचललं, पाठ फिरवली आणि वर्गात वाचतात तशा स्वच्छ आवाजात वाचलं. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसरी ओळही, शेवटच्या शब्दापर्यंत.

“छान,” त्या रिकाम्या दुकानाला म्हणाल्या. “नंबर बरोबर आहे.”

पहिल्या बाकावरची महिनाअखेरीस आली. ती परगावी गेली होती आणि तिला काहीच माहीत नव्हतं. हातात नवीन पाकीट होतं. “बाई, दादांचं घेऊन आलेय, या वेळी दोन जास्त टाकलेत!” ताईंनी तिला बसू दिलं नाही. सगळं सांगितलं, थोडक्यात. ती रडायला लागली. ताई रडल्या नाहीत. त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

“वाच.”

“यकृताची ढाल...”

“पुढचं नाही. मागचं.”

तिने वाचलं. मध्येच थांबली, पुन्हा वाचलं, हळू, एकेका अक्षरावर बोट ठेवून. तिचा चेहरा उतरत गेला. “बाई, शपथ घेऊन सांगते, मला हे... मी फक्त त्यांनी दिलेलं पत्रक पाठ केलं होतं. मी खोटं नव्हते बोलत हो.”

“माहीत आहे. मला तुझा राग येत नाही,” ताई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. “तुला वाचायला मीच शिकवलं ना गं?”

ती पाकीट घेऊन गेली. पुन्हा तिने तो धंदा केला नाही असं कळलं, पण माझ्यासारख्या बाटल्या नेणारी दुसरी कुणी मिळाली असेलच. शेडमध्ये साचा अजून चालू आहे.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी ग्लास भरत असेल आणि शेजारी माझी एखादी बहीण उभी असेल, तर तिची ढाल बघू नका, तिला उलटी करून मागचं वाचा. आणि नुसतं वाचू नका, ऐका. एखाद्या डॉक्टरकडे घेऊन जा. आणि आपलं माणूस घाबरलं असेल तर त्याची भीती कुणाला विकत घेऊ देऊ नका. त्याच्याजवळ बसा, पत्ते मांडा, मुद्दाम हरा. आणि पायरीवर उभं राहायची वेळ आली तर उभे राहा. त्याला राग आला तरी.

आता मी ताईंच्या टेबलावर असते. माझ्या पोटातले ते तीन लाल तुकडे म्हणजे तीन वर्षांच्या हजेरीच्या पेन्सिली. बाकीची सगळी कॅलेंडरं ताईंनी फाडून टाकली. एकच पान ठेवलं, ते माझ्याखाली दाबून ठेवलेलं असतं. रोज सकाळी चष्मा घालून त्या मला बाजूला सारतात आणि ते पान बघतात. तेरा तारखेपासून पुढे प्रत्येक घरात लाल खूण आहे, एकही चुकलेली नाही. पण ताईंचं बोट तिकडे जात नाही. ते चार तारखेवर ठेवतात, मग पाच, मग सहा, आणि असं बारापर्यंत. ती नऊ घरं कोरी आहेत.